अंगण खरंच वाकडं असेल तर?

गेल्या सेमिस्टरला आंतर-महाविद्यालयीन टेनिसमध्ये मी पहिल्याच राउंडला हरले. हरले ते हरले, वर मॅच संपल्यावर बाकावर बसून रॅकेटच्या जाळीकडे टक लावून बघत राहिले. झालं! पायऱ्यांवर बसलेल्या आपल्याच कॉलेजच्या मंडळींच्या हातात आयतं कोलीत मिळालं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" अशी आरोळी आली आणि सगळे खो खो हसले. रात्री मेसमध्ये पोळी वाढून घेताना तीच म्हण, दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तीच म्हण. हरलेल्या माणसाने हत्याराकडे बघायचं नसतं, असा आपल्याकडे अलिखित नियमच आहे.

मी काही बोलले नाही, कारण अर्धी गोष्ट खरी होती. माझा बॅकहँड यथातथाच आहे. पण उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी हा लेख लिहितेय. त्या मॅचनंतर माझा उजवा कोपर इतका दुखायला लागला की हॉस्टेलवर कपडे पिळता येईनात. बादली डाव्या हाताने उचलायची, आणि असाइनमेंटची पानं रूममेटकडून लिहून घ्यायची (सर, हे वाक्य कृपया वाचू नये!). डॉक्टर म्हणाले, "टेनिस एल्बो. सहा आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही." त्या सहा आठवड्यांत दुसरा काही उद्योग नव्हता (अभ्यास आपण उद्योगात धरत नाही), म्हणून रॅकेट, तिची गट आणि तिला चिकटवायच्या बारीकसारीक वस्तू यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. आणि माझं मत असं झालं की मंडळी, अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं. फक्त आपण ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो, तो कोपरा चुकीचा असतो.

आधी माझं स्वतःचं पाप सांगते. आजीने बारावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून दिलेले पैसे साठवून मी नवी रॅकेट घेतली. दुकानदाराने विचारलं, "गट कोणती घालू?" मी ऐटीत म्हणाले, "नदाल वापरायचा ती. पॉलिएस्टर. आणि साठ पौंडाला ओढा, एकदम कडक." त्याने मला काही विचारलं नाही. आठवड्यातून किती खेळतेस, हात दुखतो का, आधी काय वापरायचीस, काही नाही. गटिंग करून दिलं. रॅकेटवर तळहात आपटला की 'टण्ण' असा आवाज यायचा आणि मला वाटायचं, वा! याला म्हणतात प्रोफेशनल. तीच गट मी सात महिने वापरली. तुटली नाही म्हणजे चांगली आहे, असा माझा सरळ हिशोब होता. हा हिशोब किती उलटा होता ते पुढे येईलच.

आता जरा आपल्या सिलॅबसकडे वळू. घाबरू नका, परीक्षेला नाही.

टेनिसचा बॉल रॅकेटला चिकटून असतो तो जेमतेम पाच मिलिसेकंद. सेकंदाचा दोनशेवा भाग. त्या वेळात बॉलला काय स्पर्श करतं? फ्रेमचा रंग नाही, कंपनीचं नाव नाही, ग्रॅफाइटही नाही. फक्त गट. साध्या रॅकेटमध्ये १६ उभ्या आणि १९ आडव्या ताती असतात. प्रत्येकीत २५ किलोचा ताण धरला तर नुसत्या उभ्या ताती मिळून फ्रेमचं डोकं आणि गळा एकमेकांकडे ४०० किलोने ओढत असतात. तीनशे ग्रॅमची वस्तू ही! एस.ओ.एम.च्या पेपरात असा प्रश्न आला असता तर मी तरी तो पूर्ण सोडवला नसता.

बॉलचा नियम बघा. २५४ सेंटीमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. भागाकार करा, ५३ ते ५८ टक्के येतात. म्हणजे बॉल चेपला गेला की जवळजवळ पंचेचाळीस टक्के ऊर्जा तो स्वतःच गिळून बसतो. गट मात्र प्रामाणिक! ती ताणली गेली तर नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत करते. आता गट ढिली असेल तर आघाताच्या वेळी गट जास्त वाकते आणि बॉल कमी चेपला जातो. गट कडक असेल तर उलट. म्हणून ढिली गट जोर देते आणि कडक गट जोर खाते. आपल्याकडे नव्वद टक्के पोरापोरींची समजूत बरोब्बर उलटी असते, 'कडक गट, कडक शॉट.' माझीही होती. कडक गटीचा फायदा इतकाच की बॉल कमी पळतो, त्यामुळे जोरात मारणाऱ्याला तो कोर्टात ठेवता येतो. ज्याचा बॉल मुळात नेटपर्यंत कसाबसा पोचतो, त्याने साठ पौंडाची गट घालणं म्हणजे आधीच चढ आणि त्यात सायकलचा ब्रेक दाबून ठेवणं.

बरं, हा फरकसुद्धा प्रचंड नसतो. पाच-दहा पौंडांनी बॉलच्या वेगात पडणारा फरक अगदी थोडा असतो. फरक जास्त जाणवतो तो बॉल किती खोल पडतो यात, आणि हाताला किती दणका बसतो यात. कडक गटीवर बॉल कमी वेळ टेकतो, म्हणजे तेवढाच संवेग कमी वेळात बदलायचा, म्हणजे बल जास्त. हे तर अकरावीचं फिजिक्स झालं.

मग बरोबर ताण कोणता? इथेच गंमत आहे. ब्योर्न बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटची गट ८० पौंडांच्या आसपास ओढून घ्यायचा. इतकी कडक की रात्री हॉटेलच्या खोलीत ठेवल्या ठेवल्या गट तुटायची. दुसऱ्या टोकाला फ्रान्सचा आद्रियाँ मानारिनो. त्याची गट तीस पौंडांहूनही ढिली, बॅडमिंटनवाल्यांनी ऐकलं तर तेही 'आमच्यासारखीच की' म्हणतील. आणि तो जगातल्या पहिल्या वीसांत पोचला. दोघेही बरोबर, कारण दोघांना आपला हात आणि आपला शॉट माहीत होता. मला फक्त नदाल माहीत होता. त्याच्या गटीचा प्रकार मी उचलला, पण ताण त्याच्या ५५ पौंडांपेक्षाही पाचने जास्त ठेवला! नदालचा दंड आणि माझा दंड यांची तुलना करून मी वाचकांचा वेळ घेत नाही.

ताणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गट कशाची आहे. तीन मोठी घराणी आहेत. पहिलं जुनं आणि श्रीमंत: नैसर्गिक गट. फ्रान्समधल्या लिऑन शहरात बाबोला कंपनीने १८७५ साली टेनिससाठी ही बनवायला सुरुवात केली. ही गाईच्या आतड्याच्या आवरणापासून बनते. (आपल्या मेसमधले कडक शाकाहारी मित्र आता बॉलसुद्धा उचलून देणार नाहीत!) ही सगळ्यांत लवचीक, हाताला सगळ्यांत मऊ, ताण सगळ्यांत जास्त दिवस धरून ठेवणारी, आणि पावसाचं पाणी लागलं तर रडणारी. किंमत ऐकून मीही रडले. दुसरं घराणं नायलॉनचं. दुकानदार याला 'सिंथेटिक गट' म्हणतात आणि बारीक धाग्यांचा पीळ असलेल्या भारी प्रकाराला 'मल्टी'. मऊ, स्वस्त, सर्वसाधारण. तिसरं घराणं पॉलिएस्टरचं.

पॉलिएस्टरची कथा १९९७ पासून सुरू झाली असं धरायला हरकत नाही. त्या वर्षी ब्राझीलचा गुस्तावो क्युर्तेन, जागतिक क्रमवारीत ६६वा, फ्रेंच ओपन जिंकून बसला. त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टर गट होती. २००२ साली आगासीने हीच वाट धरली आणि त्या वर्षी रोमची स्पर्धा जिंकली. मग सगळे धावले. कारण काय, तर ही गट गुळगुळीत आणि ताठ. बॉलला खालून वर घासत मारलं की उभ्या ताती बाजूला सरकतात आणि बॉल सुटायच्या आत झटकन जागेवर परत येतात. तो परतीचा झटका बॉलला जादा टॉपस्पिन देतो. नायलॉनच्या ताती सरकतात पण तिथेच अडकून बसतात, म्हणून आपण दोन पॉइंटांच्या मध्ये बोटांनी जाळी सरळ करत उभे असतो.

सरकणाऱ्या गटीत केवढी ताकद असते याचा पुरावा त्याआधी वीस वर्षं मिळाला होता. १९७७ साली 'स्पगेटी' नावाने प्रसिद्ध झालेली एक दुहेरी जाळी निघाली. त्यात उभ्या ताती आडव्यांमध्ये विणलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या मनसोक्त सरकायच्या. त्या वेळी गिलेर्मो विलास सलग ४६ सामने जिंकून आला होता. इली नस्तासेने असली रॅकेट घेऊन त्याला इतकं हैराण केलं की विलासने दोन सेटनंतर खेळायलाच नकार दिला. आंतरराष्ट्रीय संघटनेने या गटिंगवर लगेच बंदी घातली, आणि १९७८ साली नियमांत रॅकेटची व्याख्या लिहिली गेली. तोपर्यंत टेनिसच्या नियमांत रॅकेट म्हणजे काय हेच लिहिलेलं नव्हतं! आणि हे सगळं झालं ते फ्रेममुळे नाही, जाळीमुळे. 'गटीने काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

पण पॉलिएस्टरचा फायदा कोणाला? जो रॅकेट वेगाने फिरवू शकतो त्यालाच. हळू स्विंगला त्या ताती पुरेशा सरकतच नाहीत. मग टॉपस्पिन मिळत नाही, मिळतो तो नुसता ताठपणा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पॉलिएस्टर लवकर 'मरतं'. आपण मटेरियल सायन्समध्ये स्ट्रेस रिलॅक्सेशन शिकतो: लांबी तीच ठेवली तरी ताण हळूहळू उतरत जातो. सगळ्याच गटींचा ताण मशीनवरून काढल्या क्षणापासून उतरायला लागतो, पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त. पॉलिएस्टरमध्ये ही उतरण आणखी वाईट. ताण जातो, परत उसळायची चमक जाते, पण गट तुटत मात्र नाही. म्हणून तर मी सात महिने मेलेली गट घेऊन फिरत होते. रबर वितळलेली चप्पल अंगठा तुटेपर्यंत वापरावी, तसं.

मोठे खेळाडू याच्यावर पैसे आणि माणसं खर्च करतात. पुण्याला बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात (२०२१ सोडून) एटीपीची स्पर्धा व्हायची. अशा प्रत्येक स्पर्धेत गटिंगवाल्यांची वेगळी खोली असते आणि खेळाडू मॅचआधी ताज्या गटिंगच्या चार-सहा रॅकेट घेऊन उतरतो. नियमाप्रमाणे बॉल पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर बदलतात, आणि बरेच खेळाडू त्याच वेळी रॅकेटही बदलतात. फेडररने तर मधला मार्ग काढला होता. उभ्या ताती नैसर्गिक गटीच्या, आडव्या पॉलिएस्टरच्या. आणि आम्ही? एक रॅकेट, एक गट, एक डिग्री. चार वर्षं पुरली पाहिजे!

आता त्या चिकटवायच्या वस्तूंकडे येऊ, कारण हॉस्टेलमध्ये खरा उत्साह त्यांचाच आहे. सगळ्यांत लाडका म्हणजे डॅम्पनर, जाळीच्या तळाशी अडकवायचं ते रबराचं बटण. कोणाचं स्मायली, कोणाचं लोगोवालं. आमच्या विंगमधली एक मुलगी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावते. आगासी तर साधा रबरबँड बांधायचा. सगळ्यांचा समज असा की यामुळे हाताला जाणारे हादरे थांबतात. डी.ओ.एम.वाल्यांनी इथे कान टवकारावेत. जाळीची कंपनं साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतात. फ्रेमची त्याहून बरीच कमी, दीडशेच्या आसपास. दोन-तीन ग्रॅमचं रबर जाळीची कंपनं झटकन थांबवतं हे खरं, पण त्या कंपनांत ऊर्जा फारशी नसतेच. हाताला झिणझिण्या आणते ती फ्रेम, आणि तीनशे ग्रॅमच्या फ्रेमला ते बटण ओळखतही नाही. बॉलवर तर काहीच परिणाम नाही, तो पाच मिलिसेकंदांत निघून गेलेला असतो. फ्रेमचे हादरे टाळायचे तर बॉल नोडवर, म्हणजे साधारण जाळीच्या मधोमध मारायचा. त्याचं बटण दुकानात मिळत नाही.

मग डॅम्पनर लावूच नये का? खुशाल लावा. त्याने आवाज बदलतो, 'टिंग'चा 'ठप्' होतो, आणि आपल्याला ज्याला आपण 'फील' म्हणतो त्यातला बराच भाग कानातून येतो. 'ठप्' आवाजाने एखाद्याला शांत वाटत असेल तर तो शांत खेळेल, तेही काही कमी नाही. फक्त तो आडव्या-उभ्या तातींच्या जाळीच्या बाहेर लावायचा, आत लावला तर नियमात बसत नाही. आणि कोपर दुखतोय म्हणून डॅम्पनर विकत घेऊ नका. मी दोन घेतले होते!

दुसरी वस्तू म्हणजे शिशाची पट्टी. सँप्रस आपल्या ८५ चौरस इंची छोट्या रॅकेटला अशा पट्ट्या लावून ती आणखी जड करायचा. इथे मात्र जादू खरी आहे, कारण इथे जडत्व आघूर्ण येतं: वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग. रॅकेटचं स्विंगवेट मुठीच्या टोकापासून १० सेंटीमीटरवरच्या अक्षाभोवती मोजतात. रॅकेटच्या अगदी शेंड्याला ३ ग्रॅम शिसं लावलं तर अक्षापासूनचं अंतर साधारण ५८ सेंटीमीटर. ३ गुणिले ५८ चा वर्ग, म्हणजे जवळजवळ १०,००० ग्रॅम-चौरस-सेंटीमीटर, किंवा १० किलो-चौरस-सेंटीमीटर. एखाद्या रॅकेटचं स्विंगवेट ३२० असेल तर ते ३३० झालं. वजन वाढलं एक टक्का, फिरवायला जड झाली तीन टक्के. आता मुठीवर ५ ग्रॅमची ओव्हरग्रिप गुंडाळा. वजन जास्त वाढलं, पण ते सगळं अक्षाच्या आजूबाजूला. हिशोब केला तर स्विंगवेटमध्ये वाढ येते ०.१ ते ०.२. म्हणजे शून्यच! फक्त तोल जवळजवळ चार मिलिमीटर मुठीकडे सरकतो, त्यामुळे हातात धरल्यावर रॅकेटचं डोकं हलकं वाटतं.

म्हणून घामाने सटकणाऱ्या मुठीवर ओव्हरग्रिप बिनधास्त गुंडाळा. माझ्या मते सगळ्या जोडवस्तूंत पैसा वसूल करणारी हीच. मूठ सटकत असली की आपण ती घट्ट आवळतो, आणि आवळलेल्या मुठीचा भार येतो थेट कोपराकडच्या स्नायूंवर. शिसं मात्र विचार करून, एका वेळी एक-दोन ग्रॅम, आणि लावल्यावर हात धुऊन मेसमध्ये जा.

इथे कोणी म्हणेल, एवढं गणित कशाला? हाताला जे गोड लागतं ते वापरावं. मलाही असंच वाटायचं. पण ऑस्ट्रेलियातल्या रॉब बोवर आणि रॉड क्रॉस यांनी २००३ साली अनुभवी खेळाडूंना वेगवेगळ्या ताणाच्या रॅकेट देऊन फरक ओळखायला सांगितलं, तेव्हा पाच किलोचा फरकही बहुतेकांना ओळखता आला नाही. पाच किलो म्हणजे अकरा पौंड! आणि आपण 'अठ्ठावन्न नको, साठच हवा' म्हणून दुकानात हुज्जत घालतो. हाताला वाटतं तितकं कळत नाही. कोपराला मात्र उशिरा का होईना, कळतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर डॉक्टरांनी सगळा दोष गटीला दिला नाही. चुकीचा बॅकहँड, वॉर्म-अपशिवाय खेळणं, परीक्षेनंतर एकदम रोज तीन तास कोर्टवर, हे सगळं त्यांनी सुनावलं. पण ताठ गट हे त्यातलं एक कारण असू शकतं हे त्यांनीही मान्य केलं, आणि बदलायला सगळ्यांत सोपं तेच होतं.

आता मुद्द्याचं. आपल्या जिमखान्याच्या कपाटात अकरा रॅकेट आहेत. मी मोजल्या. चारांची गट तुटलेली आहे. उरलेल्या सातांची गट कधी घातली हे कोणालाच सांगता येत नाही, आमच्या सीनियरच्या सीनियरलाही नाही. दर वर्षी बजेट आलं की त्यातून दोन नव्या रॅकेट येतात, कारण नवी रॅकेट दिसते, तिचा फोटो काढता येतो, बिल लावता येतं. गटिंगला वेगळं हेडच नाही. परिणाम असा की ज्यांना स्वतःची रॅकेट परवडत नाही, ती फर्स्ट इयरची मुलंमुली त्या मेलेल्या जाळीने खेळायला शिकतात, बॉल जात नाही म्हणून ताकद लावतात, आणि दोन महिन्यांत कॅरमच्या टेबलाकडे वळतात. त्यांना आपण काय म्हणतो? नाचता येईना, अंगण वाकडं!

माझी सूचना साधी आहे. एक वर्ष नव्या रॅकेट घेऊ नयेत. त्या पैशांत सर्वांत साधं, दांडीला वजन लावून ताण देणारं गटिंग मशीन घ्यावं. ते दोन चांगल्या रॅकेटच्या किमतीच्या आसपास मिळतं. त्यात मोटर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. एक तरफ आहे, तिच्यावर सरकणारं वजन आहे, आणि दांडी आडवी झाली की ठरवलेला ताण मिळतो. खरं तर आपल्या वर्कशॉपमध्ये टी.ई.च्या मिनी-प्रोजेक्टला हे बनवताही येईल, आणि ताण बरोबर आहे की नाही हे स्प्रिंग बॅलन्सने तपासता येईल. दर वर्षी होणाऱ्या त्याच त्या प्रोजेक्टपेक्षा हे निदान कोणाच्या तरी उपयोगी पडेल! नायलॉन गटीचं २०० मीटरचं एक रीळ आणावं. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागते, म्हणजे एका रिळात सोळा रॅकेट. आपल्या अकराही होऊन पाच उरल्या.

आणि एक वही ठेवावी. रॅकेट नंबर, गटीचा प्रकार, ताण, तारीख. बस, चार रकाने. जाणकारांचा ठोकताळा असा आहे की आठवड्यातून जितके दिवस खेळता, तितक्या वेळा वर्षातून गट बदलावी. हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवता येत नाही हे आपण वर बघितलंच, म्हणून वही. नवशिक्यांसाठी नायलॉन, फ्रेमवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला. ज्यांना पॉलिएस्टर हवंच आहे त्यांनी ते नायलॉनपेक्षा दहा टक्के ढिलं घालावं आणि आपल्या खर्चाने, आपल्या कोपराच्या जबाबदारीवर.

मला माहीत आहे, स्टाफमधले काही सर म्हणतील, "आमच्या वेळी आम्ही लाकडी रॅकेटने खेळलो, हे असले चोचले नव्हते." सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, लाकडी रॅकेटच्या काळात बोर्ग रात्री गट तुटल्याच्या आवाजाने जागा व्हायचा. चोचले तेव्हाही होते, फक्त आपल्यापर्यंत पोचले नव्हते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "आधी खेळायला शिका, मग हत्याराकडे बघा." हे मला मान्य आहे, पण अर्धंच. लेथवर टूल बोथट असेल तर आपले वर्कशॉपचे सरच ओरडतात, आधी टूलला धार लावून आण. तिथे कोणी म्हणत नाही की आधी टर्निंग शिक, मग टूल बघ. रॅकेटच्या बाबतीतच हा न्याय का बदलतो?

या सेमिस्टरला मी परत खेळले. तीच रॅकेट, नायलॉनची गट, ५० पौंड, मुठीवर नवी ओव्हरग्रिप, डॅम्पनर नाही. दुसऱ्या राउंडला हरले. बॅकहँड अजून यथातथाच आहे, त्याला गट जबाबदार नाही, हे मी पायऱ्यांवरच्या मंडळींना स्वतःहून सांगून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझे कपडे मी माझ्या हाताने पिळले.

नाचायला आम्ही शिकूच. जिमखान्याने तेवढं अंगण सारवून द्यावं.